मधलं माळरान

घाईबाईला गाणं ऐकावं लागत नसे, नुसतं बघितलं की पुरे. संगणकावर गाणं उघडलं की त्याचं चित्र दिसतं. आवाज मोठा तिथे डोंगर, बारीक तिथे टेकाड, आणि जिथे जवळजवळ काहीच वाजत नाही तिथे सपाट रेघ. त्यातला सगळ्यात फुगलेला डोंगर ती चहाचा कप खाली ठेवायच्या आत हेरायची, अलीकडचं पलीकडचं उडवायची आणि पंधरा सेकंदांचा तुकडा तयार करून मोकळी व्हायची. सपाट रेघेला तिने माळरान असं नाव ठेवलं होतं. ‘माळरानात कोणी थांबत नाही’ हे तिचं ठरलेलं वाक्य. ऑफिसात नवीन माणूस आला की पहिल्याच दिवशी त्याला ते ऐकून घ्यावं लागे.

ऑफिस म्हणजे चपलांच्या दुकानावरच्या तीन खोल्या. ज्यांना कुठलीच कंपनी दारात उभं करत नाही अशा गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची गाणी इंटरनेटवर लोकांच्या गळी उतरवायची, हे तिथलं काम. आता पंधरा सेकंदांत कोणाच्या काय गळी उतरणार, असं विचारणारे विचारोत. पण घाईबाईच्या हातून गेलेली गाणी चालायची. लोक मांजराच्या व्हिडिओला लावायचे, लग्नाच्या फोटोंना लावायचे, कणीक मळताना लावायचे. गाणाऱ्याचं नाव कोणाला ठाऊक नसायचं, पण तुकडा ज्याच्या त्याच्या तोंडी. एकदा एका बासरीवाल्याने तिला फार नम्रपणे कळवलं होतं, ‘ताई, तुम्ही जो भाग काढलात तिथे मी श्वास घेतो.’ त्यावर ऑफिसात आठवडाभर हसणं चाललं होतं. सगळ्यात जास्त घाईबाईच हसली होती.

न हसणारा एकच माणूस होता, आकडेकाका. हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. कुठलं गाणं किती जणांनी, कुठपर्यंत ऐकलं याचे आलेख काढायचे, एवढंच त्यांचं काम. पण काका आलेख काढण्याआधी गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत बसायचे. “काका, आज उरकेल ना?” असं घाईबाईने विचारलं की म्हणायचे, “उरकेल की. गाणं संपलं की उरकेल.”

घाईबाई हे नाव आईने ठेवलेलं, पुढे ऑफिसातही तेच रुळलं. एक घास तोंडात असताना दुसरा हातात, समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर असताना हिचं उत्तर तयार, अशी ही पोर. आई लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी दिवसभर उभी असायची, आणि शाळा सुटली की ही आणि तिचा धाकटा भाऊ त्या टेबलाखाली, चादरींच्या गठ्ठ्यांना टेकून बसायचे. तिथे एक जुना टेप होता. त्याचं गाणं पुढे पळवायचं बटण तुटलेलं होतं. त्यामुळे कॅसेट लावली की येईल ते ऐकायचं. आवडतं गाणं येईपर्यंत नावडतीही ऐकायची आणि दोन गाण्यांमधली खरखरसुद्धा. वीज गेली की आई स्वतःच गुणगुणायची. शब्द नसायचे. मधेच इस्त्री वाफ सोडून फुस्स करायची, तेवढा वेळ आई सूर धरून थांबायची आणि मग पुढे जायची. धाकटा म्हणायचा, आई आणि इस्त्री जोडीने गातात. त्या टेबलाखाली घाईबाईसुद्धा जिवाचा कान करून ऐकायची. म्हणजे तिला जमत नव्हतं अशातला भाग नाही. बटण नव्हतं, एवढंच.

(आता तुम्ही म्हणाल, वीज गेल्यावर इस्त्री कशी चालायची? त्या लाँड्रीत वाफ मागच्या बंबातून नळीने यायची. वाचताना थांबून असं विचारणारी माणसं अजून आहेत, हेच मोठं समाधान.)

धाकटा मोठा होऊन लिफ्ट दुरुस्त करणारा झाला आणि सुट्टीच्या दिवशी गिटार घेऊन स्वतःची गाणी करू लागला. आई त्याच्याकडेच राहायची. गेल्या वर्षी आईच्या घशात काहीतरी निघालं आणि डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढावी लागेल म्हणून सांगितलं. आई वाचली. आवाज गेला तो गेला. तेव्हापासून घाईबाईने आईला फोन करणं सोडलं होतं. माया आटली होती असं नाही. पण पलीकडून नुसती शांतता, आणि आपण एकटीनेच किती बोलायचं, काय बोलायचं? पहिल्या दोन-तीन वेळा तिने प्रयत्न केला, मग तिला ते सोसवेना. ती धाकट्याला फोन करायची आणि शेवटी म्हणायची, “आईला सांग हं मी विचारलंय म्हणून.” धाकटा सांगायचा. आई मान हलवायची. चाललं होतं.

आणि मग धाकट्याने गाणं पाठवलं. याआधी त्याने बहिणीला कधी गळ घातली नव्हती. ऑफिसची वेळ होती, घाईबाई एका डोळ्याने जेवत होती आणि दुसऱ्याने काम करत होती.

“ताई, एक गाणं पाठवलंय. जरा लांब आहे,” धाकटा फोनवर म्हणाला. “पण हे मात्र पूर्ण ऐक.”

“ऐकते रे. किती लांब?”

“नऊ मिनिटं.”

“नऊ! अरे, नऊ मिनिटांत लोक लग्न करून मोकळे होतात.”

“म्हणून तर सांगतोय. तू ऐक. बाकीच्यांचं नंतर बघू.”

तिने उघडलं. म्हणजे बघितलं. सुरुवातीला टेकड्या, मग एक झकास डोंगर, आणि मग मधोमध लांबच लांब माळरान. त्यानंतर परत डोंगर. तिने डोंगर तेवढा वाजवून पाहिला. धाकट्याचा आवाज भरदार लागला होता, चाल अशी की एकदा कानात शिरली की निघायची नाही. घाईबाईला मनापासून आनंद झाला. आपल्या भावाचं नशीब काढायचं तर ते याच गाण्याने, हे तिने तिथल्या तिथे ठरवलं. भावासाठी काही करावं ही तिची इच्छा खरी होती. तिच्याबद्दल बोलताना हे विसरून चालणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. “ऐकलंस?”

“ऐकलं. काय सुंदर झालंय रे!”

“सगळं ऐकलंस?”

“सगळं.”

“मधलं?” त्याने जरा थांबून विचारलं. “मधलं कसं वाटलं?”

“तेही छान आहे,” घाईबाई म्हणाली. हे असलं तिच्या तोंडी बसलेलंच होतं, दिवसातून दहा जणांना ती हेच सांगायची. “पण खरं सांगू? बाहेर काढताना मधलं नको. काढून टाकते. तीन मिनिटांचं करू या, बघ कसं उचललं जातं ते.”

पलीकडे धाकटा बराच वेळ बोलला नाही. घाईबाईने तेवढ्यात दोन मेल वाचून काढल्या.

“तू ऐकलंयस ना, ताई,” शेवटी तो म्हणाला. “ऐकून तुला तसं वाटतंय तर काढ. मी काय बोलणार.”

तिने काढलं. सांधा असा जोडला की कोणाला कळूही नये. गाणं बाहेर पडलं आणि पंधरा सेकंदांचा तुकडा खरोखरच वाऱ्यासारखा सुटला. लिफ्टमध्ये अडकलेले लोक तो लावून व्हिडिओ करायला लागले, आणि गाणाऱ्याचा धंदा काय हे त्यांच्या गावीही नव्हतं. धाकट्याला कोण कुठली माणसं मेसेज करू लागली. घाईबाईला वाटलं, जन्मात काहीतरी एक काम नीट झालं.

त्या रविवारी ती पेढ्यांऐवजी मोठा स्पीकर घेऊन धाकट्याकडे जेवायला गेली. आईने गाणं अजून ऐकलं नव्हतं. धाकट्याने घरी लावू का म्हणून किती वेळा विचारलं, पण आईने दर वेळी दाराबाहेर बोट दाखवलं: बाहेर आलं की ऐकेन. आज आई चांगली साडी नेसली होती, गळ्याभोवती रुमाल नीट बांधला होता. जेवणं झाल्यावर ती खुर्ची ओढून स्पीकरच्या अगदी जवळ बसली.

घाईबाईने गाणं लावलं. पहिलं कडवं झालं. आईची मान हलत होती. डोंगर आला, तो पंधरा सेकंदांचा तुकडा आला, तेव्हा घाईबाईने अभिमानाने सगळ्यांकडे पाहिलं. तो संपत आला तशी आई पुढे सरकली आणि तिने एक बोट वर केलं. कोणी पाहुणा दारात येताना दिसला की आपण घरच्यांना गप्प करतो, तसं. आता ऐका, असं.

गाणं थेट दुसऱ्या कडव्यावर गेलं.

आईचं बोट वरच राहिलं. दुसरं कडवं झालं, शेवट झाला, स्पीकर गप्प झाला, तरी ते बोट खाली आलं नाही. मग तिने धाकट्याकडे पाहिलं. धाकटा ताटातल्या मिठाकडे बघत बसला होता. आईने गळ्याच्या रुमालाला हात लावला आणि दोन्ही तळवे उघडे केले.

“काय म्हणतेय आई?” घाईबाईने विचारलं.

“विचारतेय, मी कुठे गेले,” धाकटा म्हणाला.

“म्हणजे?”

त्याने मान वर केली. “ताई, मधे आई आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी तिला लाँड्रीत घेऊन गेलो होतो. मालकांना विचारून टेबल मागितलं. ती इस्त्री करत गुणगुणत होती, मी माइक चादरींवर ठेवला होता. ते सगळं मधे आहे, पहिल्या कडव्यानंतर, हे आईला मी सांगून ठेवलं होतं. तू ऐकलंस म्हणालीस.”

घाईबाईने उगाचच स्पीकरची वायर गुंडाळायला घेतली.

“मला वाटलं, ऐकून काढलंस,” धाकटा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. “घरचं आहे, घरात राहू दे, असं तुला वाटलं असेल. म्हणून मी गप्प बसलो. आईला सांगायचं धाडस झालं नाही.”

“घाईत होते रे,” ती म्हणाली, आणि स्वतःचं वाक्य ऐकून तिला स्वतःचीच लाज वाटली.

“मूळचं आहे माझ्याकडे. आई, लावू का?” धाकट्याने विचारलं. आईने मानेनेच नको म्हटलं. ती उठली, ताटं गोळा केली, आणि आत जाताना घाईबाईच्या पाठीवरून हात फिरवून गेली. असू दे, असा तो हात होता. घाईबाईला तो हात भाजल्यासारखा लागला.

सोमवारी सकाळी ती कोणाच्याही आधी ऑफिसात हजर. चूक झाली की निस्तरायची, हा तिचा खाक्या. तिने नऊ मिनिटांचं गाणं मुळात होतं तसं पुन्हा बाहेर काढलं. ‘पूर्ण गाणं, आईच्या आवाजासह’ असं वर लिहिलं. ओळखीच्या सगळ्यांना पाठवलं, दहा ठिकाणी शब्द टाकला, पदर पसरला. दिवसभर ती त्या गाण्यासाठी राबली. फक्त ते ऐकलं नाही. संध्याकाळी ऐकू म्हणाली, मग उद्या. खरी गोष्ट अशी की ऐकायला बसायचं म्हणजे आपण काय कापलं ते समोर मांडून बसायचं, आणि तेवढी छाती तिला होत नव्हती. धावपळ केली की बसावं लागत नाही.

दोन दिवसांनी आकडेकाका आलेख घेऊन तिच्या टेबलाशी आले. आलेख काय, कडाच होता. तुकडा संपेपर्यंत माणसं होती, आणि मग रेघ सरळ खाली.

“इथे उतरले सगळे,” काका म्हणाले. “गुणगुणणं सुरू होतं तिथे.”

खाली लोकांनी लिहिलेलं होतं. ‘गाणं बंद पडलं का?’ ‘माझंच नेट गेलंय की सगळ्यांचं?’ ‘मधलं काढून टाका ना, बोअर होतं.’ घाईबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. “कसली माणसं आहेत ही! दोन मिनिटं धीर धरवत नाही. एका बाईचा शेवटचा आवाज आहे तो, आणि यांना नेट गेल्यासारखं वाटतं!”

काका चष्मा काढून पुसत बसले.

“तुम्ही तरी ऐकलंत ना, काका?”

“ऐकलं की. दोनदा ऐकलं.” त्यांनी चष्मा परत लावला. “शेवटी आई तुमच्याबद्दल विचारतात, तिथे मात्र मला पुढे ऐकवेना. जरा वेळ बंद करून ठेवलं.”

“काय विचारते?”

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग आलेखाकडे पाहिलं. त्यांना कळलं, आणि आपल्याला कळलं हे लपवायला त्यांनी कागदाची घडी घातली. “तुम्हीच ऐका,” ते म्हणाले आणि जाताना दार ओढून घेऊन गेले.

भर दुपारची वेळ होती. खाली चपलांच्या दुकानात कोणीतरी घासाघीस करत होतं. घाईबाईने संगणकाचा पडदा बंद केला, म्हणजे चित्र दिसायला नको, आणि कानाला हेडफोन लावले.

पहिलं कडवं. डोंगर. तुकडा संपला आणि सगळं विझलं. तिचा हात आपोआप माउसकडे गेला. तिने तो मागे घेतला, तर थोड्या वेळाने दुसरा फोनकडे निघाला. शेवटी ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली, शाळेत शिक्षा झाल्यासारखी.

माळरानात खूप काही होतं. कापडावरून फिरणारी इस्त्री होती. लांब कुठेतरी नळ गळत होता. आणि अगदी जवळ, कानाशी, आई होती. तीच शब्दांवाचूनची चाल. फुस्स झालं, आईने सूर धरून ठेवला, पुढे गेली. आवाज थोडा खरखरीत झाला होता, मधे एकदा अडकलाही, पण आईने ती जागा परत घेऊन नीट केली, चुरगळलेली कॉलर परत घ्यावी तशी. घाईबाई पुन्हा त्या इस्त्रीच्या टेबलाखाली जाऊन बसली होती. आता संपू नये असं तिला वाटायला लागलं, तेव्हाच ते संपलं. इस्त्री उभी करून ठेवल्याचा आवाज आला. आणि आई बोलली. गात नव्हती, साधी बोलली, रोजच्यासारखी.

“झालं का रे? एवढं लांब झालंय. घाईबाई ऐकेल ना सगळं?”

“ऐकेल गं,” धाकट्याचा आवाज. “तुझं म्हटल्यावर ऐकेल.”

आई हसली. तेवढंच. मग गिटार सुरू झाली आणि दुसरं कडवं आलं.

घाईबाई रडली, ते काही सांगायला नको. रडता रडता तिला बासरीवाला आठवला, आणि ज्यांनी काहीच कळवलं नव्हतं असे कितीतरी आठवले. कोणाच्या माळरानात काय होतं, हे आता तिला कोण सांगणार होतं? लोकांवर ती मघाशी चिडली होती. पण त्या कड्यावरून सगळ्यात आधी उतरलेलं माणूस आलेखात नव्हतंच. ते इथे खुर्चीवर बसलं होतं, आणि शिवाय भावाला ‘सगळं ऐकलं’ म्हणून सांगून आलं होतं.

तिने धाकट्याला फोन लावला. तो सुट्टीवर होता, घरीच होता.

“ऐकलं मी,” ती म्हणाली.

“बरं,” धाकटा म्हणाला.

हे दोन शब्द त्याने आधी एकदा खरे मानले होते, आता तो फक्त ‘बरं’ म्हणणार हे ओघानेच आलं. नेहमीचं वाक्य जिभेवर आलं होतं, आईला सांग म्हणून. तिने ते गिळलं.

“आईला देतोस?”

“फोन?” तो चाचरला. “अगं, ती काय बोलणार?”

“दे तू.”

सरकवासरकव झाली. मग फोन कोणाच्या तरी कानाशी लागला, एवढं कळलं.

“आई,” घाईबाई म्हणाली. “मी आहे. ऐकलं मी. सगळं ऐकलं.”

पलीकडून काहीच आलं नाही. यायला काही उरलं नव्हतं. पंख्याची घरघर होती, आणि गळ्यातून जाणारा-येणारा आईचा श्वास होता, तोही कान देऊन ऐकलं तरच. इतके महिने हाच आवाज रोज फोनपलीकडे बसून होता, आणि तिने एकदाही तो ऐकून घेतला नव्हता.

खालून कोणीतरी तिला हाक मारली. टेबलावर दुसरा फोन थरथरत सरकत होता. घाईबाईने हाताची मूठ वळली, डोळे मिटले, आणि ती ऐकत राहिली.